काकूंनी खरवस मागितलाय

प्रिय दिन्या,

फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच "हां, हां, पुढे बोल" करतोस आणि हे मला सलग सांगायचंय. इथे सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, बाबांचं फिरणं सुरू, बेकरीही चाललीय.

काकूंनी खरवस मागितलाय. स्वतःसाठी, स्वतःच्या तोंडानं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग करून द्या की, त्यात काय?" बरोबर आहे तिचं, ती आपल्यासारखी काकूंच्या माडीवर राहून त्यांच्या हातचं जेवलेली नाही. पहिल्या पगारात आपण दोघं त्यांच्यासमोर उभे राहिलो होतो, काकू काय आणू सांगा म्हणून, आणि त्या म्हणाल्या होत्या, "वेळेवर जेवायला या, तेवढं आणा." साडी नको, तीर्थयात्रा नको, त्यांच्या मुलानं, दादानं घेतलेला मिक्सरसुद्धा किती महिने खोक्यात होता आठव. त्या बाईनं काही मागितलं हे समजणारा माणूस तूच.

झालं असं. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी त्यांच्या पंच्याहत्तरीचा घरगुती कार्यक्रम आहे. तुला वहिनींचा फोन आला असेलच. वहिनींनी माझ्या दुकानातून एका बारशाला गेलेल्या बोर्डाचा फोटो पाहिला होता. मोठ्या फळीवर पंधरा-वीस प्रकारचं गोड दाटीवाटीनं मांडायचं, ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं. हल्ली याची मागणी फार. त्या म्हणाल्या, आईंसाठी तसाच कर. मी हॉलचं माप घ्यायला गेलो, तर काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. मी वहिनींना फळी कुठे ठेवायची ते सांगत होतो, तेवढ्यात काकू मान वर न करता म्हणाल्या, "त्यात खरवस बसत असेल तर बघ. नसेल तर राहू दे." आणि परत मेथी.

मी गाडीवर बसून बराच वेळ चावीच लावली नाही.

आता अडचण ऐक. खरवस बोर्डावर बसतच नाही. कापला की तासाभरात पाणी सोडतो, शेजारच्या नानकटाईचा लगदा करतो, आणि उघड्यावर फार वेळ ठेवायच्या जातीचा तो नव्हेच. बोर्डाचं पहिलं शास्त्र हेच की ओलं आणि कोरडं एकमेकांना शिवता कामा नये. आधी वाट्या ठेवून घ्यायच्या, बासुंदी-आम्रखंडाच्या, म्हणजे ओलं आपापल्या कुंपणात राहतं. मग मोठे तुकडे, मग पेढे, वड्या, आणि उरलेल्या फटीत काजू, बेदाणे, द्राक्षं. द्राक्षांचे घोस कात्रीनं पाच-सहा मण्यांचे करायचे, नाहीतर एक पाहुणा अख्खा घड उचलतो आणि मागचा डोलारा कोसळतो. स्ट्रॉबेरी शेवटी, धुवून पुसून, कारण ओली राहिली की बुडाला मऊ पडते. यातलं काहीही मी डोळे मिटून करतो. त्यात खरवसाला जागा कुठे करायची, हे मात्र रोज रात्री दुकान बंद करताना डोक्यात फिरतंय.

आणि खरवस म्हणजे खराच खरवस. चायना ग्रास आणि दुधाची पावडर घालून गोठवलेल्या त्या गुळगुळीत वड्या काकूंपुढे ठेवायच्या नाहीत. त्यांना घास जिभेवर जायच्या आधी कळेल. चिकाचा खरवस आपला आपण बसतो, चिकातल्या प्रथिनांना वाफ लागली की ती घट्ट होतात, दुसरं काही घालावं लागत नाही. बारीक जाळी पडते ती त्यामुळेच.

तर चीक. गंगावेशीच्या कट्ट्यावर गेलो होतो, जिथे रात्री आपण म्हशीच्या कासेतलं दूध उभ्या उभ्या प्यायचो आणि तू मिशा पुसायचास. त्यातल्या एका गवळ्याची म्हैस याच आठवड्यात व्यायची आहे. मी त्याला म्हटलं, रविवारच्या आत जमेल का? तर म्हणतो, "म्हस काय तुमचं कॅलिंडर बघून व्यायची न्हाई." वर हेही सांगितलं की रेडकाचं पोट भरल्यावर राहील तेवढंच मिळेल. ते मला पटलं, मी तसंच म्हणणार होतो. लवकर व्याली तर चिंता नाही, चीक डीप फ्रीजरमध्ये छान राहतो. उशीर झाला तर काय, हा प्रश्न आहे. पन्हाळ्याच्या बाजूच्या एकाला सांगून ठेवलंय, पण त्याच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक निघायचा आणि तो पातळ असतो. पहिल्या दिवसाच्या चिकात तेवढंच किंवा जास्तही दूध चालतं, तिसऱ्या दिवशीचा जवळजवळ दूधच. अंदाजावर जायचं नाही, आधी एक वाटी उकडून बघायची. काकूही तेच करायच्या, आणि ती नमुन्याची वाटी कोण खायचं यावरून आपली मारामारी व्हायची. तू अजूनही म्हणशील की करंज्यांचा डबा मी संपवला. लेका, डब्याचं झाकण तुझ्या गादीखाली सापडलं होतं.

आता खरा वाद. तू मागे लग्नात भेटलास तेव्हाही म्हणत होतास की काकूंचा खरवस पांढरा असायचा, साखरेचा. मला तो तांबूस आठवतो, गुळाचा, जायफळ घातलेला. कोल्हापुरात, गुऱ्हाळांच्या मुलखात, काकू साखर कशाला घालतील? पण तू इतक्या ठामपणे बोललास की मीही चाचरतोय. काकूंना विचारायचं नाही. विचारलं की त्या म्हणणार, "कसाही कर रे, तुम्हाला आवडेल तसा," आणि मागितलेलं परत घेतल्यासारखं होईल. तेव्हा शांत बसून आठव. गणपतीत तुझे बाबा आले होते, त्या रात्री आपण गॅलरीत बसून खाल्ला होता, तो कुठल्या रंगाचा होता? तुझ्या बाबांनाही विचार. गूळ असेल तर मला चांगला, बिनारसायनाचा आणावा लागेल आणि तो थंड चिकातच विरघळवून गाळून घ्यावा लागेल. हे शेवटच्या दिवशी ठरवून चालत नाही.

मांडणीचं मी असं योजलंय. खरवस छोट्या स्टीलच्या वाट्यांतच उकडायचा, दोन घासांची एकेक वाटी. फ्रिजमधून थेट पितळेच्या परातीत बर्फावर, आणि तीसुद्धा जेवणं झाल्यावरच बाहेर आणायची. परात फळीच्या मधोमध, बाकीचं गोड तिच्याभोवती. पितळेची म्हणून आंबट त्यात काही नाही, कळकेल. फळीवर केळीची पानं, कारण सुतारानं तिला कसलं पॉलिश मारलंय ते तोच जाणे.

हे सुटेल. माझ्या जिवाला लागलंय ते वेगळंच.

बोर्डावर कुणी वाढत नाही, दिन्या. सगळं समोर असतं, ज्यानं त्यानं हात पुढे करायचा. बारशाच्या त्या बोर्डाच्या वेळी मी मुद्दाम कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. पोरं तुटून पडली, तरुण मंडळींनी फोटो काढले, आणि साठीच्या पुढची माणसं भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून राहिली. कुणी उठलं नाही. एका आजींना मी ताटली नेऊन दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मला वाटलं अजून वाढायचंय." त्या पिढीला गोड मागून घ्यायची सवय नाही. गोड कुणीतरी पानात घालतं, आपण हात आडवा धरायचा, त्यानं तो बाजूला करून अजून एक घालायचं, तेव्हा कुठे ते खाल्ल्यासारखं होतं. आपण वाढलो ते काकूंच्या "लाजू नका रे"वर. तू जिलबी नको म्हणालास आणि अकरा खाल्ल्यास, तो दिवस घे. उठून घ्यायला सांगितलं असतं तर दोन खाल्ल्या असत्यास.

आणि काकू तर सगळ्यांचं झाल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत. त्यांच्याच पंच्याहत्तरीला त्यांनीच मागितलेला खरवस मधोमध मांडलेला असेल, आणि त्या खुर्चीवर बसून विचारत राहतील, "सगळ्यांना पुरला का?" मी हे होऊ देणार नाही. म्हणून फळी टेबलावर ठेवत नाहीये. दोन बुटकी बाकं जोडून त्यावर ठेवतोय, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी. खुर्च्या भिंतीला न लावता फळीच्या भोवती. काकूंची खुर्ची परातीच्या अगदी समोर. आणि पहिली वाटी परातीतून उचलून त्यांच्या हातात तू द्यायचीस, आग्रह करून, दुसरी वाटी घेतल्याशिवाय हलायचं नाही. दोन वाट्यांची परवानगी मी त्यांच्या डॉक्टरांकडून वहिनींमार्फत काढून ठेवलीय. मी दिली तर त्या म्हणतील, "आधी पाहुण्यांना दे." तू लांबून आलेला, तुझा मान त्या मोडणार नाहीत.

म्हणजे तुला यावंच लागेल. हे पत्र त्यासाठीच आहे.

गोव्याहून येताना आणायचं ते लिहितो. दोदोल, माडाच्या काळ्या गुळाचं, तुमच्या मार्केटातलं त्या जुन्या बाईकडचं. थोडं खाजं. बेबिंका आण, पण अख्खी, कापू नकोस, कडा सुकतात. आणि आत्ताच सांगतो, ती मोठ्या फळीवर बसणार नाही. तिच्या सात थरांचा मला पूर्ण आदर आहे, एकेक थर वरून निखारा देऊन भाजायचा म्हणजे काय काम असतं ते रोज भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याला सांगायला नको. पण त्यात अंड्यातले बलक असतात आणि काकूंच्या बहिणी माळकरी आहेत. तिला माझ्या ब्राउनींबरोबर वेगळी छोटी फळी, वेगळा चिमटा आणि समोर पाटी. रुसू नकोस. अनमोड घाट चढून बेळगावावरून आलास तर तिथला कुंदा घे, पाव किलो पुरे. कोल्हापूरकरांना गोडात काय कळतं, तांबडा-पांढरा ओरपणारी माणसं, हे तुझं जुनं वाक्य सगळ्यांसमोर परत म्हणायचं असेल तर ते कुंद्याच्या आधी म्हण.

बाकी माझ्याकडे लागलंय. नरसोबाच्या वाडीहून बासुंदी आणि कवठाची बर्फी येतेय, आंबट-गोड असल्यामुळे एवढ्या गोडात ती तोंडाला चव आणते. गुळाच्या पोळ्या आई करणार, त्यांचे त्रिकोण कापून. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या आहेतच. वसईची सुकेळी एका गिऱ्हाइकानं आणून दिलीत, इतकी मऊ की तुकडे करायला जीव होत नाही. ४० माणसं धरलीत, जेवणानंतर म्हणजे माणशी साधारण १०० ग्रॅम, सगळं मिळून ४ किलो. दादा म्हणतो कमी पडेल. पडणार नाही, पण काकूंच्या घरात "संपलं" हा शब्द कधी ऐकला नाही, म्हणून आणखी किलोभर आत झाकून ठेवतोय.

तुझ्याकडच्या वहिनींची बदली झाली का? तुझ्या धाकट्याचं कॉलेज कुठलं ठरलं ते मला अजून माहीत नाही. भेटल्यावर सगळं ऐकतो, रात्र काढू. माडीवरची आपली खोली दादानं तुझ्यासाठी रिकामी करून ठेवलीय, पंखा तोच, आवाजही तोच.

शनिवारी संध्याकाळपर्यंत पोच. चीक मिळाला तर त्याच रात्री नमुन्याची वाटी उकडायची आहे.

तुझा,
बंड्या

ता. क. गूळ की साखर, ते मात्र गुरुवारच्या आत कळव. आणि बाबांना विचारून कळव, स्वतःच्या आठवणीवर जाऊ नकोस.