लोफोटेन बेटांवरून पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, डोंगर-समुद्राची छायाचित्रे पुष्कळ झाली, आता तिथली माणसे पोट कसे भरतात ते लिही, असे परवा तुम्ही फोनवर बजावलेत. सयाजीराव महाराज परदेशातून नुसते देखावे पाहून परतले असते तर १९१० मध्ये अमेरिकेतले ग्रंथपाल बॉर्डन ग्रंथालये उभारायला बडोद्याला कशाला आले असते, हे तुमचे आवडते उदाहरणही ओघाने आलेच. म्हणून हेनिंग्सव्हेर या गावातून हे पत्र लिहीत आहे.

नॉर्वेची ही बेटे आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, साधारण ६८ अंशांवर आहेत. समुद्रातून सरळ उठलेले काळे कडे, माथ्यावर एप्रिलमध्येही बर्फ आणि पायथ्याशी लाल लाकडी घरे, एवढे तुम्ही पाहिलेच आहे. छायाचित्रात येत नाही तो वास. गावाभोवतीच्या खडकांवर लाकडी मांडव उभारलेले असून त्यांवर डोकी उडवलेले कॉड मासे शेपट्यांनी जोडीजोडीने बांधून टांगलेले आहेत. आई, सुके बोंबील घरात आले की बाबा सगळ्या खिडक्या उघडतात. इथे अख्खे गावच तशा वासात वावरते आणि कोणी नाक मुरडत नाही.

हे मासे हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालण्यासाठी येतात. त्यांना मीठ मुळीच लावत नाहीत. उबदार सागरी प्रवाहामुळे इतक्या उत्तरेलाही तापमान शून्याच्या आसपासच राहते. थंडी याहून कडक असती तर मासा गोठून बिघडला असता, आणि हवा उबदार असती तर माश्या बसून त्यात अळ्या झाल्या असत्या. वाळलेल्या मालाची प्रत ठरवणारे जाणकार मासा हाताळून, हुंगून वीसएक प्रती लावतात. उत्तम माल बहुतांशी इटलीला जातो आणि वाळवलेली डोकी नायजेरियाला, तिथल्या रश्शांसाठी.

मला सर्वांत नवल वाटले ते मुलांचे. शाळा सुटल्यावर दहा-बारा वर्षांची मुले रबरी एप्रन घालून, माशाचे डोके खिळ्यावर अडकवून सुरीने जीभ कापतात आणि त्या जिभा विकून स्वतःचे पैसे कमावतात. आई, तू असतीस तर पहिल्याच मुलाच्या हातून सुरी काढून घेतली असतीस, आणि खरे सांगायचे तर माझाही हात पुढे होत होता.

लहानपणी तू नाक दाबून पाजायचीस ते कॉड लिव्हर तेल याच माशाच्या यकृताचे. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत इथे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे 'ड' जीवनसत्त्वासाठी हिवाळ्यात रोज एक चमचा तेल घेण्याची रीत घरोघरी आहे. मे-अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मात्र तो मावळत नाही.

मी उतरले आहे ती खोलीही पूर्वी हंगामात वल्ही मारत येणाऱ्या कोळ्यांची झोपडी होती. दाटीवाटीने झोपणाऱ्या त्या माणसांनी आजचे एका रात्रीचे भाडे ऐकले असते तर ते पुन्हा होडीत जाऊन बसले असते. आईला तो आकडा मी सांगणार नाही.

रविवारी स्वोल्वेरहून किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीने बोडो गाठायचे आहे आणि तिथून आगगाडीने ट्रॉन्डहेम. बोडोला उतरल्यावर फोन करीन. बडोद्यात आता ऊन तापले असेल. बाबा, दुपारचे सूरसागरच्या बाजूला चालत जाऊ नका, रिक्षा करा.

आपली लेक