कार्निव्हल रस्त्यावरच राहू द्या : ब्रिटनच्या संस्कृतिमंत्र्यांना खुलं पत्र

लंडन, सप्टेंबर 2025

माननीय लिसा नंदी यांस,
सप्रेम नमस्कार.

मी एकवीस वर्षं वायव्य लंडनमध्ये राहते. माहेर गिरगावचं. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे की लंडनमधल्या माझ्या मराठी माणसांनीही ते वाचावं. ऑगस्टअखेर पश्चिम लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या रस्त्यांवर कॅरिबियन लोकांचा कार्निव्हल भरतो. आमच्यातले बरेच जण त्या दोन दिवसांत तिकडे फिरकत नाहीत, आणि ‘तिकडे नको, गर्दी असते, मारामाऱ्या होतात’ एवढंच सांगतात. मीही पहिली बारा वर्षं तेच म्हणत होते.

यंदा कार्निव्हल 24 आणि 25 ऑगस्टला झाला आणि 27 तारखेला आमच्या घरी गणपती बसले. मखराला थर्माकोल नको म्हणून मी कार्निव्हलच्या पोशाखांतून उरलेलं सोनेरी कापड आणि पिसं लावली. ती दिली आमच्या शेजारच्या आंटींनी. आंटी त्रिनिदादच्या. 1962 साली नर्सिंग शिकायला आल्या, इथल्या सरकारी रुग्णालयांत आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. दर मे महिन्यात एका चर्चच्या तळघरात त्यांचा ‘मास कॅम्प’ सुरू होतो. मास म्हणजे मास्करेड, आपल्या भाषेत सोंगं काढणं. तारेचे सांगाडे वाकवायचे, त्यावर कापड ताणायचं, एकेक टिकली टाचायची. नोकरी करून संध्याकाळी आलेल्या बायका, कॉलेजातली पोरं, निवृत्त बसचालक, सगळे फुकट राबतात आणि वर स्वतःच्या खिशातून पैसे घालतात. पहिल्यांदा आत गेले तेव्हा डिंकाचा वास, जमिनीवर पसरलेले कागद आणि कोपऱ्यात चहाचा थर्मास बघून मला आमच्या चाळीतली गणपतीआधीची रात्र आठवली. तेव्हापासून दर वर्षी जाते. आंटी तिथे ‘डबल्स’ करून आणतात : दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांत चण्याची उसळ. त्या पुरीला त्या ‘बारा’ म्हणतात. हा शब्द आपल्या वड्याचा सख्खा भाऊ आहे. 1845 पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय गिरमिटियांबरोबर, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांबरोबर, तो त्रिनिदादला पोचला, आणि तिथून माझ्या ताटात आला.

आता पत्राचं कारण. जूनमध्ये कार्निव्हलच्या आयोजकांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. तातडीनं पैसे मिळाले नाहीत तर लोकांची सुरक्षा आणि कार्निव्हलचं भवितव्य दोन्ही धोक्यात आहे, असं त्यात म्हटलं होतं. शेवटी लंडनच्या महापौरांचं कार्यालय आणि केन्सिंग्टन-चेल्सी व वेस्टमिन्स्टर या दोन नगरपालिकांनी मिळून 9 लाख 58 हजार पौंड दिले, तेही कार्निव्हल जेमतेम महिन्यावर आल्यावर. मास कॅम्पमध्ये जुलैभर हात चालत होते आणि प्रत्येकीच्या मनात एकच होतं : हे सगळं शिवून झाल्यावर घालायला रस्ता मिळणार का? आंटी बोलल्या नाहीत. सुईत दोरा ओवत राहिल्या.

माझी विनंती अशी आहे की हा प्रसंग पुढच्या जुलैत येऊ देऊ नका. तुमच्या खात्यानं कार्निव्हलला निदान पाच वर्षांचा ठरलेला निधी द्यावा. आणि ‘एवढी गर्दी रस्त्यावर कशाला, एखाद्या मोठ्या उद्यानात कुंपण घालून भरवा’ असं जे दर वर्षी सुचवलं जातं, त्याला सरकारनं स्पष्ट नकार द्यावा.

दुसऱ्या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळं त्यातच आहे.

1958 च्या ऑगस्टअखेरीस याच भागात गोऱ्या तरुणांची टोळकी कॅरिबियन माणसांच्या घरांवर चालून गेली. कित्येक रात्री दंगल चालली. ज्या गल्ल्यांत एकेका खोलीत आख्खं कुटुंब राहत होतं, तिथे खिडक्या फोडल्या गेल्या. त्यावर उत्तर शोधलं त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या क्लॉडिया जोन्स यांनी. अमेरिकेनं त्यांना 1955 साली हद्दपार केलं होतं. लंडनला येऊन त्या ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ चालवत होत्या. त्यांनी 30 जानेवारी 1959 ला सेंट पँक्रासच्या टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला आणि बीबीसीनं तो दूरचित्रवाणीवर दाखवला. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून छपराखाली. त्या कार्यक्रमाच्या स्मरणिकेवर छापलं होतं की विक्रीतला काही भाग नॉटिंग हिलच्या प्रकरणात दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही तरुणांचे दंड भरायला जाईल. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचलं. गोऱ्याही.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 17 मे 1959 ला, अँटिग्वाहून आलेला सुतार केल्सो कॉक्रन याच भागात भोसकला गेला. वय 32. त्याच्या खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. अंत्ययात्रेला हजाराच्या वर माणसं चालली. म्हणजे या रस्त्यांवर ही माणसं पहिल्यांदा मोठ्या संख्येनं एकत्र चालली ती नाचायला नव्हे. 1966 साली रॉन लॅस्लेट या समाजसेविकेनं मोहल्ल्यातल्या मुलांसाठी जत्रा भरवली, त्यात रसेल हेंडरसन यांचं स्टीलपॅनचं पथक वाजवत वाजवत रस्त्याला लागलं आणि लोक घरांतून उतरून मागे चालू लागले. आजची साडेतीन मैलांची वाट, लॅडब्रोक ग्रोव्ह, वेस्टबोर्न ग्रोव्ह, ग्रेट वेस्टर्न रोड, ही अशी पायांनी आखलेली आहे.

स्टीलपॅनचीही गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या निर्णयाशी जोडलेली आहे. 1880 च्या दशकात त्रिनिदादच्या वसाहती सरकारनं रस्त्यावरचे ढोल बंद केले. मुक्त झालेल्या गुलामांचा कार्निव्हल त्यांना नकोसा होता. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, पुढे डबे, आणि अखेर तेलाची पिंपं ठोकून, तापवून त्यातून सूर काढले. त्याच दशकात, 1884 साली, मोहरमच्या मिरवणुका शहरात आणायला मनाई झाली. काय ते तुमच्या ऊसमळ्यावरच करा, असा हुकूम होता. गिरमिटियांनी तो मानला नाही. सान फर्नांडोच्या वेशीवर मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. त्या मिरवणुकीत हिंदूही होते आणि काळी माणसंही होती. ‘सण करा, पण आमच्या रस्त्यावर नको, तिकडे कुंपणात करा’ हे वाक्य या लोकांनी तेव्हापासून ऐकलेलं आहे. आज ते सुरक्षेच्या भाषेत आणि चांगल्या हेतूनं म्हटलं जात असेल, तरी आंटींच्या कानाला ते जुनंच ऐकू येतं.

आणि ग्रेनफेल. 14 जून 2017 ला कार्निव्हलच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर हा राहत्या घरांचा मनोरा जळाला, 72 माणसं गेली. आता कार्निव्हलमध्ये दुपारी तीनला सगळं थांबतं. ट्रकवरचे भोंगे बंद, पॅनवरच्या काठ्या हवेत थांबलेल्या, 72 सेकंद. लाखोंच्या गर्दीत मी लहान मुलाचं रडणं ऐकलं आहे, पिसांचा घोस वाऱ्यावर सळसळताना ऐकला आहे. ही शांतता हाइड पार्कात कुठून आणणार?

गर्दीची भीती मी हलकी करत नाही. दोन दिवसांत दहा लाखांहून जास्त माणसं येतात, रस्ते अरुंद आहेत, आणि चेंगराचेंगरीचा धोका पोलिसांनी वारंवार सांगितला आहे. 2024 साली दोघांचे प्राण गेले. त्यातली एक आई आपल्या तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. तिच्याबद्दल न बोलता कार्निव्हलची बाजू मांडणं मला जमणार नाही. जवळच्या रहिवाशांचीही कुचंबणा खरी आहे : खिडक्यांना फळ्या ठोकून दोन दिवस गावाला जायचं, परत आल्यावर पायऱ्यांवर लघवीचा वास. पण ही तक्रार शौचालयं कमी आहेत अशी आहे. शौचालयांना पैसे लागतात.

मी मुंबईची आहे. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यात 23 माणसं चेंगरून मेली. त्यानंतर लोकल बंद करा किंवा ऑफिसं गावाबाहेर न्या, असं कोणी म्हटलं नाही. लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधला. माणसं जिथून जाणारच आहेत तिथली वाट रुंद करायची, हे सरकारचं काम आहे. आमच्या गिरगावात विसर्जनाला गल्ल्यागल्ल्यांतून मूर्ती निघतात, कार्यकर्ते हातात हात घालून साखळी धरतात, पोलीस आणि महापालिका महिनाभर आधीपासून मंडळांबरोबर बसतात. गणपती गिरगावातून उचलून रेसकोर्सवर न्या, हे सुचवायची कोणाची हिंमत होणार नाही. यंदा जुलैत तर महाराष्ट्र सरकारनं सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलं.

इथली साखळी धरणाऱ्यांना ‘स्ट्युअर्ड’ म्हणतात. गर्दी कुठे दाटते, कुठल्या नाक्यावर थोपवायची, कुठली गल्ली सोडून द्यायची, हे त्यांना आधी शिकवावं लागतं, आणि त्यासाठी त्यांना वर्षभर आधी नेमावं लागतं. जुलैअखेर पैसे हातात आले तर माणसं मिळतात, अनुभवी माणसं मिळत नाहीत. दर दिवशी सुमारे सात हजार पोलीस तैनात होतात. अलीकडच्या वर्षांत या बंदोबस्ताचा खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला आहे. त्याच्या जवळपास दहावा हिस्सा स्ट्युअर्डांसाठी हवा, तर त्यासाठी आयोजकांना दारोदार फिरावं लागतं. पोलिसांचा मोठा वेळ गर्दी हाकण्यात जातो आणि गुन्हे रोखायला तेवढे हात कमी पडतात, हे त्यातलं सर्वांत दुःखाचं. चाकू घेऊन येणाऱ्याला पकडायला तेच हात हवेत.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे तुमच्या खात्याच्या हातात आहे. 2024 साली ब्रिटननं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या युनेस्को करारावर मोहोर उठवली आणि आता देशातल्या जिवंत परंपरांची यादी तयार होणार आहे. नॉटिंग हिल कार्निव्हल त्या यादीत असायला हवा. तुमच्या वडिलांच्या कोलकात्याची दुर्गापूजा 2021 साली युनेस्कोच्या यादीत गेली तेव्हा तिथले मांडव कोणी मैदानात हलवले नाहीत. तुमचे वडील दीपक नंदी वर्णसमतेसाठी काम करणाऱ्या रनीमीड ट्रस्टचे पहिले संचालक होते, 1968 साली, जेव्हा या देशात वर्णभेदाबद्दल बोलणाऱ्याला ऐकून घेणारे थोडे होते. म्हणून मी हे तुम्हालाच लिहायचं ठरवलं.

आंटींची पिढी आता थोडी उरली आहे. 2018 साली विंडरश प्रकरण उघडं झालं, म्हणजे कॅरिबियनहून कायदेशीर आलेल्या लोकांकडे सरकारनं इथे राहण्याच्या हक्काचे पुरावे मागितले आणि काहींना हद्दपारही केलं हे कळलं, तेव्हा त्यांनी कपाटातून चाळीस वर्षांच्या पगाराच्या पावत्या काढून मला दाखवल्या, मी काही मागितलं नसताना. ‘आहेत माझ्याकडे,’ एवढंच म्हणाल्या आणि परत बांधून ठेवल्या.

पुढच्या वर्षी कार्निव्हलच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी स्टीलपॅनच्या पथकांची पॅनोरमा स्पर्धा असेल. तुम्ही या. त्याच्या आधी जमलं तर जुलैत आमच्या तळघरातही या. बसायला खुर्ची आहे, टिकल्या टाचायला आम्ही शिकवू. पण निधीचा निर्णय तोवर थांबू नये. तो येत्या अर्थसंकल्पाच्या आत व्हावा, म्हणजे स्ट्युअर्डांची नेमणूक जानेवारीत सुरू करता येईल.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
वायव्य लंडनमधली एक गिरगावकर