विमानतळाच्या दारापर्यंत एसटी न्या

महोदय,

माझा मुलगा मस्कतला नोकरीला आहे. सुट्टी संपली की त्याला सोडायला मी कराडहून मुंबईला जातो, बहुतेक वेळा रात्रीच्या खासगी स्लीपरने. बुकिंगवाला छातीठोकपणे सांगतो, "काका, एअरपोर्टलाच सोडतो." त्याचे एअरपोर्ट म्हणजे पार्ल्याजवळ पश्चिम द्रुतगती महामार्गाची कड. बस बोरिवलीकडे चाललेली असते, त्यामुळे ती रस्त्याच्या पश्चिम अंगाला थांबते. विमानतळ पूर्वेला. पहाटे साडेतीनला क्लीनर डिकी उघडतो, बॅगा कठड्याला टेकवतो, "समोरून रिक्षा मिळंल" म्हणतो आणि दार लावून घेतो. अंगावर भरधाव गाड्या, मुलाच्या दोन जड बॅगा आणि वर पावसाची झड. तिथून पुढे टी-टूकडे, म्हणजे दुसऱ्या टर्मिनलकडे, जाणाऱ्या उन्नत मार्गावर पायी जायची सोय नाही. जेमतेम दोन-तीन किलोमीटरसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करायची आणि तीही विमानाच्या घाईत.

येताना तर याहून अवघड. विमान उशिरा उतरले, इमिग्रेशनला रांग लागली, पट्ट्यावर बॅग लवकर आली नाही की आरक्षण केलेली बस निघून जाते. ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन येतो, "हायवेला उभे राहा, दोन मिनिटंच थांबू." पैसे परत मिळत नाहीत हे वेगळे सांगायला नको. मग टॅक्सी करून सायन गाठायचे आणि सामानावर बसून दुसऱ्या गाडीची वाट पाहायची.

खासगीवाल्यांना दोष देऊन मी थांबणार नाही. माझी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली, त्यामुळे फेरी कशी आखतात हे मला ठाऊक आहे. विमानतळासाठी स्वतंत्र गाडी मागितली की पहिला प्रश्न भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरेल याचा, येतो, आणि तो रास्तच आहे. रोज रात्री चाळीस उतारू विमानाचेच कुठून मिळणार? पण स्वतंत्र गाडी हवी कशाला?

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. कोल्हापूर, सांगली, कराड, साताऱ्याहून परळ, मुंबई सेंट्रल, बोरिवलीला जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या द्रुतगती मार्ग उतरून कळंबोलीलाच येतात. मॅकडोनाल्डसमोरचा तो थांबा आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथून नवा विमानतळ हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळाला जे जमत नव्हते ते इथे जमण्यासारखे आहे. आहेत त्याच फेऱ्यांपैकी दोन-तीन आत टर्मिनलपर्यंत नेऊन परत बाहेर काढायच्या, एवढेच.

मुंबईचे उतारू कुरकुरतील, की आमचा अर्धा तास मोडला. पण पहाटे तीनला परळला उतरलेला माणूस करतो काय? पहिली लोकल सुटेपर्यंत आगारातल्या बाकड्यावर डास मारत बसतो. त्या वेळेच्या फेऱ्या निवडल्या तर त्याचे काही बिघडत नाही.

विमानाने जाणाऱ्यांना एसटी कशाला, असे अजूनही काही जण म्हणतात. त्यांनी एकदा विटा, आटपाडी, खटाव, माणला यावे. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आमची माणसे आता जत्रेला नि लग्नाला विमानाने येतात, कारण रेल्वेचे आरक्षण मिळत नाही आणि दुकान चार दिवस बंद ठेवता येत नाही. त्यांच्याबरोबर बायका-पोरे, म्हातारी माणसे असतात. महिलांना २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे आहे. मुंबईहून गावाला भाड्याची गाडी करायची तर परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे मोजावे लागतात. हा उतारू एसटीचा आहे, तो ट्रॅव्हल्सकडे जातो तो थांबा नाही म्हणून.

शेजारी कर्नाटकाने हे कधीच केले. त्यांच्या परिवहन महामंडळाची फ्लायबस २०१३ पासून म्हैसूरहून थेट बंगळूरच्या विमानतळावर जाते. जुन्या एसटीवाल्याला हे लिहिताना थोडे जड जाते, पण आहे ते आहे.

तेव्हा परिवहन खात्याला माझ्या सूचना अशा. आरक्षणाच्या यादीत 'नवी मुंबई विमानतळ' हा थांबा म्हणून टाकावा आणि टर्मिनलवर फलकासह फलाटाची जागा मागून घ्यावी. येताना विमान उशिरा उतरले तर बोर्डिंग पास पाहून तेच तिकीट पुढच्या फेरीला चालवावे. जागा नसेल तर उभ्याने नेऊ नये, त्याच्या पुढच्या फेरीत बसवावे. डिकीत ठेवलेल्या प्रत्येक बॅगेला क्रमांकाचा बिल्ला द्यावा, म्हणजे अंधारात एकाची बॅग दुसरा उतरवून नेणार नाही. नव्या विमानतळाची सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली आहे. आखाताची विमाने तिथे भराने येण्याआधीच हे बसवले पाहिजे. एकदा टॅक्सीवाल्यांनी आणि ट्रॅव्हल्सवाल्यांनी जागा धरल्या की एसटीला फलाट मिळवायला किती पत्रव्यवहार करावा लागतो, ते मी नोकरीत पाहिले आहे.

एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
कराड