ठेंगण्या मुलांना आधी रिंगमध्ये उतरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौदलात असताना मी अकरा वर्षं बॉक्सिंग खेळलो. उंची पाच फूट तीन इंच. आता वेंगुर्ल्यात घरी असतो आणि संध्याकाळी वाडीतल्या आठ-दहा पोरांना खळ्यात शिकवतो. त्यातली चौदा वर्षांची एक मुलगी गेल्या महिन्यात निवड चाचणीला गेली आणि तासाभरात रडत परत आली. तिला रिंगमध्ये उतरूच दिलं नाही. "तुझे हात पोचायचे नाहीत, कबड्डी खेळ," असं सांगून वाटेला लावलं. मला याचा फार राग आला आहे.

बॉक्सिंगमध्ये गट वजनाचे असतात, उंचीचे नव्हेत. समोरची उंच असेल तर लांबून जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारत राहणार, हे खरं. पण त्यावर उपाय आहे आणि तो शिकवता येतो. होडी पाण्यात लोटताना लाट फुटते त्या पट्ट्यात कुणी रेंगाळत नाही. एक तर काठावर थांबायचं, नाहीतर झटक्यात पलीकडे जायचं. इथंही तसंच. लांब हाताच्या टोकाशी उभं राहिलात की मार बसलाच.

जॅब आला की सरळ मागे सरायचं नाही, पाठोपाठ उजवा येतो. डोकं थोडं उजवीकडे न्यायचं, जॅब डाव्या खांद्यावरून जाऊ द्यायचा आणि तिचा हात परत जात असतानाच पाय आत टाकायचा. आत शिरल्यावर हनुवटीच्या मागे लागू नये. आधी पोट, बरगड्या. पोटावर दोन बसले की कोपरं खाली येतात, मग वर जागा मिळते. पोरं सगळ्यात जास्त मार खातात ती बाहेर पडताना, कारण ठोसा मारून झाला की हात खाली सोडतात. हात गालाशी ठेवून बाजूनं निघायचं.

यासाठी मी दोन माडांना खांद्याच्या उंचीवर सुंभाची दोरी बांधली आहे. तिच्याखालून या बाजूनं त्या बाजूला, गुडघ्यात वाकत, एक एक पाऊल पुढे. कमरेतून वाकलं की नजर जमिनीवर जाते, आणि डोकं समोरच्याच्या कमरेच्या पट्ट्याखाली गेलं तर रेफरी फाउल देतो. ही मुलगी रोज त्या दोरीखालून शंभर फेऱ्या मारते. दोरीचा काथ्या मानेला घासून तिथं लाल वळ उठला आहे.

८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बॉक्सर जो फ्रेझियर महंमद अलीला सामोरा गेला, तेव्हा अली त्याच्यापेक्षा तीन-साडेतीन इंच उंच होता. फ्रेझियर सारखा डोलत आत शिरत राहिला, पंधराव्या राउंडला डाव्या हूकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, अलीला खाली पाडलं आणि लढत जिंकली. आपली मेरी कोम मूळची ४८ किलोची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिचा गटच नव्हता, म्हणून ५१ किलोत, अंगापिंडानं मोठ्या मुलींशी लढून तिनं कांस्य आणलं. तिलाही कुणी दारातूनच परत पाठवलं असतं तर?

निवड करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उंचीची पट्टी लावायच्या आधी पोराला गटातल्या सर्वांत उंच खेळाडूसमोर दोन राउंड खेळवा. तो आत शिरतो का, पाय कसे पडतात ते बघा. नाही जमलं तर घरी पाठवा, मी काही बोलणार नाही. पुढच्या चाचणीला मी या मुलीला स्वतः घेऊन येणार आहे.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, वेंगुर्ले