हळदीतलं शिसं सांगलीतच तपासा

संपादक साहेब,

सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला याचा आम्हाला अभिमान आहेच, पण परवा आईने सुट्टी हळद आणली ती इतकी पिवळीजर्द की पळीला रंग चिकटून बसला आणि वास काहीच नाही, फेकूनच दिली शेवटी. असा रंग लेड क्रोमेट या पिवळ्या रंगद्रव्यानेही येतो, त्यात शिसं असतं, लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो. बांगलादेशात २०१९ ला ४७ टक्के नमुन्यांत शिसं निघालं, त्यांनी हातातलं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी शिसं ओळखणारं) घेऊन बाजारातच तपासलं, दंड लावले, २०२१ ला प्रमाण शून्यावर आलं. आपल्या मार्केट यार्डातही सौद्यावेळीच मशीन लावा ना, प्रामाणिक शेतकऱ्यालाही चांगला भाव मिळेल.

- एक वाचक, विश्रामबाग, सांगली