सडपातळांनी निर्धास्त राहावे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील लठ्ठपणावरचा लेख वाचला. जिभेवर ताबा नसलेल्यांना पुढे काय भोगावे लागते ते लेखकाने मोठ्या तळमळीने सांगितले आहे आणि सडपातळांच्या पाठीवर मात्र शाबासकीची थाप मारली आहे. ती थाप माझ्याही पाठीवर पडली, म्हणून हे पत्र.

माझे वजन ६१ किलो, उंची पाच फूट सहा इंच. बत्तीस वर्षांच्या नोकरीत दरसालच्या तपासणीत मला काट्यावर उभे करून 'वजन योग्य' असा शेरा मिळत गेला, परंतु कमरेला टेप लावावी असे एकाही डॉक्टरांना वाटले नाही. ती लावली आमच्या शिंप्याने. माझ्या लग्नाच्या वर्षी त्याच्या वहीत कंबर ३० इंच होती. पुढे तो दर दोन-चार वर्षांनी शिवणीतली माया उसवून देत राहिला आणि मी निवृत्त झालो त्या वर्षी, 'साहेब, माया संपली, आता नवीन कापड आणा,' असे म्हणून त्याने ३७चा आकडा लिहिला. हातपाय तसेच काडीसारखे असल्यामुळे घरी सर्वांनी हसण्यावारी नेले. पुढल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर १८६ निघाली.

लेख पुण्यात छापला जातो, याचे अधिक नवल वाटते. येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह काढलेले छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. लेखकाने मात्र गोऱ्यांची ३०ची रेघ जशीच्या तशी उतरवली आहे. लठ्ठपणाने मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी बळावते हे मला मान्यच आहे. पण काट्यावर न दिसणारी पोटातली चरबीही तेच करते, याला लेखात एक ओळही मिळू नये?

'रोज अर्धा तास चाला' हा सल्ला योग्य आहे, मी तो आता पाळतो आणि साखरही उतरली आहे. फक्त चालायचे ते पदपथावर लावलेल्या दुचाक्यांमधून वाट काढत, हे लेखकाला बहुधा ठाऊक नसावे.

जाता जाता, याच लेखाखाली 'बसल्या जागी पंधरा दिवसांत पोट सपाट' करणाऱ्या पट्ट्याची पाव पान जाहिरात आहे. पुढच्या वेळी तिच्या एका कोपऱ्यात कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, एवढेच छापावे. जागा फार लागणार नाही.

आपला,
एक 'सडपातळ' वाचक, पुणे