बाय, तू मारलेली ती गिरकी

प्रिय बाय,

पेपर चालू असताना पत्र पाठवतोय, वेळ मिळेल तेव्हा वाच, घाई नाही. फोनवर बोलायचं दोनदा ठरवलं होतं पण तू हॉस्टेलच्या गॅलरीत उभी, मागे मैत्रिणींचा गलका, मग जेवलीस का, पैसे आहेत का यावरच फोन संपतो आणि बोलायचं ते राहून जातं.

आपलं शिडाच्या होड्यांचं सेंटर सुरू झालंय. यंदा राजिवड्यातली, कर्ल्यातली, भाट्यातली बरीच नवीन पोरं आलीत, काही तर आठ-नऊ वर्षांची, लाइफ जॅकेट घातलं की नुसते डोळे दिसतात. पहिले दोन दिवस सरांनी शीड लावूच दिलं नाही, आधी ऑप्टिमिस्ट, ती पोरांची छोटी होडी, उलटी करायची, पोहत डॅगरबोर्डकडे, म्हणजे तळातून निघणाऱ्या फळीकडे जायचं, त्यावर भार टाकून होडी सरळ करायची आणि मग आत बसून पाणी उपसत राहायचं, तुझ्या वेळी होतं तसंच. एक पोरगी उलटल्यावर होडीची कड सोडेचना, रडतेय आणि धरून बसलीय, सर शेजारी पाण्यात उभे राहून तिच्याशी शाळेच्या गप्पा मारत बसले, दहा मिनिटांनी तिने आपणहून हात सोडला. मला तुझी आठवण आली, तू पण अशीच होतीस, फक्त रडली नव्हतीस, ओठ दाबून धरले होतेस.

आणि बाय, यंदा मी पण कामाला लागलोय. रविवारच्या प्रॅक्टिस रेसला माणसं कमी पडतात म्हणून मला कमिटी बोटीवर, जिथून रेस चालवतात तिथे घेतलं, नांगर टाकून उभ्या केलेल्या फायबर बोटीत मी, घड्याळ, झेंडे आणि एक हॉर्न. इतकी वर्षं मी बंधाऱ्यावर उभा राहून ओरडायचो पण आत काय चालतं ते आत्ता कळतंय. रेस सुटायच्या पाच मिनिटं आधी क्लासचा, म्हणजे त्या जातीच्या होडीचा झेंडा वर, चार मिनिटांवर तो निळा, मधे पांढरा चौकोन असलेला, एक मिनिट उरलं की तो खाली आणि लांब हॉर्न, मग शून्याला क्लासचा झेंडा खाली. पहिल्याच रविवारी माझा हॉर्न वाजलाच नाही, मी घाबरलो, तर सर म्हणाले झेंडा वेळेवर उतरला ना मग झालं, वेळ झेंड्याची धरतात, आवाजाची नाही. त्या शेवटच्या मिनिटात सगळ्या होड्या लाइनच्या मागे फडफडत उभ्या असतात, कोण पुढे सरकतंय, कोण शीड ढिलं सोडतंय, पोरं एकमेकांवर स्टारबोर्ड स्टारबोर्ड, म्हणजे वाट माझी, असं ओरडतात. अंगावर काटा येतो गं. तू हे सगळं इतक्यांदा केलंस आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते.

गेल्या मे मधली शेवटची रेस. तू लेझरवर (ती एकट्याने चालवायची होडी, आता इल्का म्हणतात पण आपल्याकडे अजून लेझरच), छोटं शीड, दुसरी होतीस. वरच्या बोयाला, त्या तरंगत्या खुणेला वळताना तुझी बूम, शिडाखालचा दांडा, बोयाला घासली. माझ्याकडे दुर्बीण होती म्हणून मला दिसलं, बाकी कोणाला दिसलं नसणार, रेस्क्यू बोट तेव्हा खाली एका उलटलेल्या ऑप्टिमिस्टकडे गेली होती. तू बाजूला झालीस आणि बोयाला लागल्याची शिक्षा म्हणून एक पूर्ण गिरकी मारलीस, एक टॅक एक जाइब (एकदा वाऱ्याकडे तोंड करून वळायचं, एकदा पाठ करून), तोवर तिघं पुढे निघून गेली आणि तू पाचवी आलीस. घरी येताना स्कूटरवर मी तुला म्हटलं, कोणी बघितलं होतं का, काय गरज होती? वर आणखी म्हटलं की असं केलंस तर कधी पुढे जाणार नाहीस. तू काही बोलली नाहीस. रात्री जेवलीस पण कमीच. मग कॉलेजची गडबड आली, तू पुण्याला गेलीस आणि विषय तिथेच राहिला.

मागच्या रविवारी कमिटी बोटीवरून मी तेच परत बघितलं. अकरा वर्षांचा असेल पोरगा, ऑप्टिमिस्टमध्ये, तिसरा चालला होता, वळताना होडी बोयाला लागली, अगदी हलकी. त्याने इकडे तिकडे बघितलं पण नाही, लगेच बाहेर निघाला, गिरकी घेतली, त्यात थोडं पाणी आत आलं ते उपसलं आणि परत रेसला लागला. मी सरांना विचारलं, याला कोणी सांगितलं, आपण तर काही बोललो नाही? सर म्हणाले, दादा, या खेळात शिट्टी मारायला कोणी मागे मागे फिरत नाही, आपली चूक आपणच धरायची आणि तिथेच फेडायची, नियमाच्या पुस्तकात पहिल्यांदा तेच लिहिलंय. मी गप्प बसलो. पाणी प्यायलो. मला त्या पोराच्या जागी तूच दिसत होतीस आणि माझं स्कूटरवरचं बोलणं कानात वाजत होतं.

मला आबांची पण आठवण झाली. तुला माहितीय ते तांडेल, होडीचे म्होरके होते, शिडाच्या होडीवर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. मी लहान असताना एकदा पहाटे अंधारात आमच्या होडीने कोणाचं तरी जाळं फाटलं, कोणाचं ते कळलं पण नसतं. आबा बंदरावर आल्यावर मासे उतरवायच्या आधी प्रत्येकाला विचारत फिरले, जाळं कोणाचं ते शोधलं आणि चार दिवस संध्याकाळी बसून स्वतः विणून दिलं. हे मी बघितलेलं आहे बाय. आणि तरी तुला तसं म्हणालो. माझं चुकलं.

पॉइंटचा हिशोब पण आता मीच लिहितो वहीत. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, ज्याचे कमी तो जिंकला. नेहा ठाकूरने 2023 ला हांगझोउच्या एशियन गेम्समध्ये सिल्व्हर घेतलं ते तुझ्याच क्लासमध्ये ना, 11 रेसचे मिळून 32, त्यातली सगळ्यात वाईट रेस वजा जाऊन 27. देवासची मुलगी, भोपाळच्या तलावात शिकलेली. म्हणजे तिचे पण एका रेसला 5 झालेच होते. मी तुला 2 आणि 5 मधल्या तीन पॉइंटसाठी बोललो.

पेपर संपल्यावर तुझा काय विचार आहे ते तूच ठरव, मैत्रिणींबरोबर कुठे जायचं असेल तर जा. पण यायचं असेल तर तुझी लेझर मी बाहेर काढून धुऊन ठेवलीय, मेनशीट, शीड ओढायची दोरी, कडक झाली होती ती बदलली, रडरची पिन पण नवीन घातली. सकाळी मतलई, जमिनीवरून येणारा वारा असतो तेव्हा लहान पोरांचा क्लास होतो, सरांना हाताखाली कोणीतरी हवंय, मी तुझं नाव अजून दिलेलं नाही, तुला विचारल्याशिवाय देणार नाही. रेस दुपारी एकनंतर, समुद्रावरचा खारा वारा धरला की. मे संपायच्या आत सगळं आवरायचं आहे, नंतर समुद्र कोणाचं ऐकत नाही आणि 1 जूनपासून आपल्या होड्या पण वर ओढलेल्या असतात.

पहिली रेस चतुर्थीला येतेय. आबांचा हिशोब, तिथीची पाऊणपट, म्हणजे तीनला भरती. तीनपर्यंत पाणी आत, तोवर ठीक. त्यानंतर ओहोटी लागली की खाडीचं पाणी बाहेर आणि वारा आत, खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतात, तिथे गेल्या वर्षी तुझ्या होडीचं नाक पाण्यात घुसलं होतं, आठवतंय ना, मागे सरकून बसायचं. दुसरी रेस तेव्हाच असेल. आणि हो, यंदा बंधाऱ्यावरून कोणी ओरडणार नाही, मी बोटीवर असेन आणि बोटीवर बोलायला बंदी आहे.

ग्लोव्ह्ज पुण्यात चांगले मिळाले तर घेऊन ये, जुन्यांची बोटं फाटलीत. आईने सोलकढीसाठी आमसुलं बाजूला काढून ठेवलीत. स्वारगेटवरून रात्रीची एसटी धरलीस तर कळव, पहाटे स्टँडवर येतो.

तुझा
बाबा